नातीने खरवडलेला डोळा

प्रिय बाबा,

तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे तुम्हालाच सांगावंसं वाटतं. बागेत छाटणी करताना माझ्या डोळ्यात फांदी गेली आणि चार दिवसांत बुबुळावर पांढरा डाग उठला, अगदी तुमच्यासारखा. तुमच्या वेळी डॉक्टर अंदाजानेच थेंब बदलत राहिले आणि तुमचा डोळा गेला. मी तर पार भेदरले.

तुमची नात आता डोळ्यांची डॉक्टर आहे. "थेंब दे ना पटकन," मी म्हटलं.

"आधी आत कोण पाहुणा आलाय ते बघू दे." तिने डोळा बधिर केला आणि डाग अलगद खरवडला. "हलू नकोस, नाहीतर तुझ्या कॉन्व्हेंट शाळेतल्या त्या कडक सिस्टरना बोलावीन!"

मायक्रोस्कोपखाली बुरशीचे धागे दिसले आणि त्याच दुपारी बुरशीवरचं औषध सुरू झालं.

कित्येक आठवड्यांच्या उपचारानंतर आज ती म्हणाली, "आई, नजर वाचली. यापुढे छाटणी चष्मा लावूनच."

मी बाहेर बसलेल्या सगळ्या पेशंटना सांगितलं, "ही माझी मुलगी!"

"आई, हळू!" ती लाजली.

हळू का बोलू, बाबा? तुमच्या वाटणीचंही मलाच बोलायचं होतं.

तुमची,
धाकटी