जोडव्याचं बोट

प्रिय इरू,

पत्र पाहून दचकू नकोस. फोनवर तू ताईला बोलूच देत नाहीस, म्हणून लिहितेय. इथे तुला मध्ये तोंड घालता येणार नाही.

माझा डावा हात बधिर व्हायचा. मानेचा एमआरआय झाल्याशिवाय ऑपरेशनचं ठरणार नव्हतं. पहिल्यांदा गेले तेव्हा त्या बोगद्यात खांदे शिरताच जीव असा घाबरला की मदतीला बोलवायचा हातातला रबरी फुगा दाबत सुटले. मशीनवाल्या लोकेश भैयाने लगेच बाहेर काढलं. इथल्या आमच्या शंकर नगरच्या घरी आल्यावर तुझ्या भाऊजींनी चहा केला, तोही साखर विसरून.

मग लोकेशनेच सुचवलं, घरचं माणूस आत बसू शकतं, फक्त अंगावर धातू नको. माझं मंगळसूत्र निघालं, बांगड्या निघाल्या, जोडवी मात्र हलेनात. लग्नात घातलेली, बोटं आता केवढी जाड झालीत! शेवटी हे खाली बसले आणि सगळ्यांदेखत साबण लावून ती सोडवली. सदर बाजारात माझ्या चार पावलं पुढे चालणारा हा माणूस! मला लाजही वाटली आणि फार बरंही वाटलं.

आत यांच्या एका हातात पँट, कारण पट्टा बाहेर राहिलेला, आणि दुसऱ्या हातात माझ्या पायाचं ते मोकळं बोट. सुरू होण्याआधी म्हणाले, "सोडत नाही मी. तू फक्त हलू नको, मले बी भीती वाटून राहिली." मग गोल बाजारात भांड्यावर नाव घालतात तशी ठकठक सुरू झाली. मी डोळे मिटले. हे घाबरले की माझं बोट दाबलं जायचं, आणि यांची पँट सुटते की काय अशी मला काळजी लागायची. हसू आवरण्यातच सगळं पार पडलं. ऑपरेशन नको, व्यायाम पुरे, असं डॉक्टर म्हणाले.

घरी आल्यावर जोडवी परत घालायला हे आपणहून बसले, पण मी नको म्हटलं. कांताबाई भांडी घासताना रोज माझ्या पायाकडे बघते.

तुझ्या कौमुदीने मला सगळं सांगितलंय, इरू. तूही त्या मशीनमधून दोनदा उठून आलीस आणि डोकेदुखी उन्हाची आहे म्हणून लेकीला गप्प करतेस. तुझे देवदत्त असते तर त्यांनी धरलं असतं तुला. ते नाहीत, पण मी आहे. सोमवारी नागपूरला येतेय, मंगळवारची वेळ कौमुदीने घेतली आहे. जोडवी तोवर डब्यातच राहू देत. तुझं बोट धरून आत बसायचंय ना मला.

तुझीच,
चित्राताई