पाच दिवस कळ काढा म्हणे

३ मार्च, सकाळी
आयसीयू. काल कामावर लिफ्टच्या शाफ्टमध्ये दरदरून घाम, छातीवर दगड. मी म्हणालो पित्त. हे डॉक्टर म्हणतात हार्ट अटॅक, तीन नळ्या बंद, बायपास. उशीला दुसऱ्याच्या तेलाचा वास. शिसारी आली.

३ मार्च, संध्याकाळी
सर्जन म्हणाला, लगेच नको. हृदय दुखावलंय, रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा असरही उतरू दे. पाच दिवस थांबू, पण पलंग सोडायचा नाही. म्हणजे घाई नाहीच. तीस वर्षं लिफ्टची दुरुस्ती करतोय. ज्या मशीनची दुरुस्ती पाच दिवस थांबू शकते, ते बिघडलेलं नसतं. बायकोला समजावलं. ती सलाईनच्या थेंबांकडे बघत राहिली.

४ मार्च
शेजारच्या पलंगावर निवृत्त मास्तर. त्यांचंही बायपासच. भांड्यात थुंकतात, मग आत डोकावून बघतात. संकल्प: चिडायचं नाही. नाश्त्यापर्यंत पाळला.

५ मार्च
बेडपॅन. लिहवत नाही. मेहुणा म्हणाला, भाऊजी, तीनच दिवस उरलेत. त्याला काय जातंय सांगायला.

६ मार्च
स्वतःच्या जबाबदारीवर सही करून सुटलो. सर्जन म्हणाला, चूक करताय. घरी चाललोय म्हणून गोळी पुन्हा सुरू करून दिली. पिशवी मीच भरली. बायको बाहेर बाकावर बसलेली. हरकत नसावी. तीन मजले जिन्याने उतरलो. ठणठणीत.

७ मार्च, सकाळी
स्वतःचा संडास. स्वर्ग. उद्यापासून रोज चालणार, तळलेलं बंद. ऑपरेशनचं पुढच्या महिन्यात बघू.

२१ मार्च
सात तारखेलाच अंघोळ करताना कोसळलो. दुसरा अटॅक. आता थांबायला वेळ नव्हता. त्याच दुपारी छाती उघडली. गोळीमुळे रक्त थांबेना, म्हणून पुन्हा उघडली. हे सगळं मुलीने सांगितलं. मास्तर थांबले होते. त्यांचं ठरल्या दिवशी झालं, ते घरी गेलेसुद्धा. माझं हृदय आता निम्म्याहून कमी चालतं. शाफ्टमध्ये उतरणं कायमचं बंद.
बायकोला विचारलं, त्या दिवशी तू मला अडवलं का नाहीस?
म्हणाली, पाया पडले होते तुमच्या. तुम्ही मला खोलीबाहेर काढलंत.
सहा तारखेचं पान काढून बघितलं. तसं काही लिहिलेलं नाही. पण मुलगीही तेच म्हणते.