चादरीखालची पाठ

आई, चार महिन्यांपूर्वी मी एका माणसाची पाठ पाहिली आणि तेव्हापासून मला तुझ्याशी बोलायचं आहे. तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली. तू असतीस तरी तुला वाचता येत नव्हतं, त्यामुळे हे मीच समोर बसून वाचून दाखवलं असतं, आणि दोन ओळींनंतर तू म्हणाली असतीस, "लांबण नको लावू, काय झालं ते सांग." तर काय झालं ते सांगतो.

कोथरूडमधल्या एका खासगी हॉस्पिटलात मी आयसीयूचा इन्चार्ज ब्रदर होतो. 'होतो' का म्हणतोय ते पुढे येईलच. चौदा खाटा, काचेचा दरवाजा, प्रत्येक खाटेच्या डोक्यावर मॉनिटर. तू ज्या सरकारी वॉर्डात आया होतीस तिथे अख्ख्या मजल्याला बीपीचं एकच यंत्र होतं आणि ते कुणाकडे आहे हे तुलाच ठाऊक असायचं. इथे यंत्रांना तोटा नाही. नऊ नंबरच्या खाटेवर शनिवार पेठेतले एक गृहस्थ होते. एकाहत्तर वर्षांचे, पोस्टातून निवृत्त झालेले, न्यूमोनिया झालेला. घशात नळी, शेजारी व्हेंटिलेटर, आणि नळी ओढून काढू नये म्हणून दोन्ही मनगटं मऊ पट्ट्यांनी खाटेला बांधलेली. त्यांची मुलगी खराडीला एका कंपनीत नोकरी करते. रोज संध्याकाळी भेटीच्या वेळेला ती दुचाकीवर अख्खं शहर ओलांडून यायची, दहा मिनिटांसाठी. दाखल झाले त्या दिवशी त्यांना मीच तपासलं होतं. पोट, पाठ, टाचा, सगळं पाहिलं आणि लिहिलं: त्वचा चांगली, कुठेही जखम नाही. खाली सही केली.

सहाव्या दिवशी दुपारी त्यांचा मॉनिटर वाजायला लागला. नाडी एकशे अठ्ठावीस, बीपी वर, व्हेंटिलेटरही कुरकुरतोय. ते मान इकडून तिकडे हलवत होते, डोळे उघडे. मी झोपेच्या औषधाचा पंप थोडा वाढवला. डॉक्टरांनी तेवढी मुभा लिहूनच ठेवलेली असते. पंधरा मिनिटांत नाडी खाली आली, डोळे मिटले, मॉनिटर गप्प झाला. आणि मला बरं वाटलं, आई. काहीतरी नीट केल्यासारखं वाटलं.

आठव्या दिवशी मुलगी बाहेर जाता जाता माझ्यापाशी थांबली. "ब्रदर, बाबांच्या अंगाला वेगळाच वास येतोय का?" मी फाइल उघडली. दर दोन तासांनी पेशंटला कुशीवर वळवल्याची नोंद: डावी कूस, उताणे, उजवी कूस. प्रत्येक नोंदीपुढे सही, प्रत्येक नोंदीपुढे 'त्वचा चांगली'. मी तिला म्हणालो, "आयसीयूत वास असतोच, ताई." ती "बरं" म्हणाली आणि गेली. पुणेरी माणूस साधारणपणे एवढ्यावर सोडत नाही. पण आपला माणूस आत असला की भले भले नमतात.

दहाव्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास त्यांची लघवीची पिशवी गळली. चादर भिजली. मावशी दुसऱ्या खाटेपाशी अडकल्या होत्या, म्हणून मी आणि स्टाफ नर्स, दोघांनी मिळून त्यांना कुशीवर घेतलं. छातीपर्यंत ओढलेली ती पांढरी, इस्त्रीची चादर बाजूला झाली आणि आधी वास आला. तुला तो वास सांगायला नको. माकडहाडावर माझ्या तळव्याएवढा काळा डाग, कडेला पिवळं, मधोमध मांस सुटत आलेलं. आणि त्याच्या वरच्या बाजूला, कातडीत रुतून बसलेलं, सुईचं प्लास्टिकचं टोपण. इंजेक्शन देताना काढून कुणीतरी खाटेवर टाकलेलं. माणूस त्यावर किती दिवस निजला होता कोण जाणे. मी ते चिमट्याने काढलं तेव्हा खाली त्याच्या आकाराचा खड्डा राहिला. मी वीस वर्षं या कामात आहे, काय काय पाहिलंय. त्या दिवशी मी हात धुवायला म्हणून गेलो आणि बेसिनमध्ये ओकलो. जखमेमुळे नाही. त्याआधी मी फाइल उघडली होती. घड्याळात चार वीस. कागदावर सहाची नोंद झाली होती, आठचीही. त्वचा चांगली, सही. आदल्या दिवशी बाराला ते दोन मजले खाली सीटी स्कॅनच्या टेबलावर उताणे होते, आणि आमच्या कागदावर तेव्हा ते डाव्या कुशीवर आरामात निजलेले.

मी त्या नर्सला बाजूला घेतलं. आवाज चढवला नाही, पण काय बोललो ते तुझ्यासमोर बोललो नसतो. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सर, पाळीला आम्ही चौघी, खाटा चौदा. चार्ट भरला नाही तर क्वालिटीवाल्या मॅडम ओरडतात. पेशंट वळवला नाही तर कोण ओरडतं?"  मला तिची किळस आली, आणि ती खरं बोलत होती म्हणून आणखी किळस आली.

तेव्हा तू आठवलीस. मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला, नेमका तुझ्याच वॉर्डात. सगळा वॉर्ड तुला मावशी म्हणायचा, मीही ड्यूटीवर मावशीच म्हणायचो, आणि तू मला अहो ब्रदर म्हणायचीस. तुला त्याची गंमत वाटायची, मला लाज. त्या सकाळी मी टेबलाशी बसून ताप-नाडीची वही भरत होतो. पाच-सहा खाटांचे आकडे मी बसल्या जागी ठोकून दिले, सगळ्यांचे श्वास वीस. तू फरशी पुसत पुसत टेबलापाशी आलीस, पोछा उभा धरलास. "झाली का हो ब्रदर वही भरून?" "झाली." "मग आता मानसं बी बघून घ्या." आणि मला बाराव्या खाटेपाशी नेलंस. लकवा झालेला एक हमाल होता. तू त्याच्या कमरेखाली तळवा सपाट सरकवलास, चादरीवरून हात फिरवत फिरवत मानेपर्यंत नेलास, एक सुरकुती सापडली ती ओढून सरळ केलीस. मग माझा हात धरून तसाच आत घातलास. त्याची पाठ गरम होती, ओलसर होती, मला हात मागे घ्यावासा वाटला. तू मनगट सोडलं नाहीस. मी चिडून विचारलं, हे तुला कुणी शिकवलं. तू म्हणालीस, "शिकिवलं कुनी? मला वाचाया येत न्हाई, मग मी पाठ बघती. तुमी वही बघता." घरी आल्यावर तू यातला चकार शब्दही काढला नाहीस. मोरीत कोपरापर्यंत हात घासलेस आणि भाकरी थापायला बसलीस. मी मात्र त्या हातांची भाकरी नको म्हणून भात मागितला. तू भात लावलास.

तर पुढचं. दुसऱ्या दिवशी मला वर बोलावलं. मेडिकल सुपरिंटेंडेंट होते, क्वालिटीच्या, म्हणजे कागदपत्रं तपासणाऱ्या, मॅडम होत्या. चहा आला. मॅडम म्हणाल्या, "पेशंट आमच्याकडे यायच्या आधी घरी दोन दिवस अंथरुणावरच होते ना?" मी हो म्हणालो. "मग जखम येतानाच सुरू झालेली असणार. तसं लिहायचं राहून गेलं, एवढंच." त्यांनी दाखल करतानाचा कोरा फॉर्म माझ्यापुढे सरकवला, वर पेनही ठेवलं. म्हणजे मी पाहिलेली धडधाकट पाठ मी आता सडवायची, मागच्या तारखेने, माझ्याच अक्षरात. मी म्हणालो, "मॅडम, मी ती पाठ पाहिली होती." साहेब हसले. "अहो, तुम्ही रोज चौदा पाठी पाहता. सगळ्या आठवतात का?" त्या खोलीत उदबत्तीसारखा काहीतरी सुगंध होता, गार हवा होती, बिस्किटांची बशी होती.  मी फॉर्म कोराच ठेवून उठलो. शूर होतो म्हणून नाही, आई. माझा हात चालेना, इतकंच.

संध्याकाळी मुलगी आली. डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, वयामुळे पाठीला थोडं झालंय, होतं असं. मी तिला आत नेलं, पडदा ओढला आणि म्हणालो, "ताई, बघा." मी तिच्या वडिलांना कुशीवर धरलं आणि जखमेवरची पट्टी उचलली. तिने ओढणी नाकाला लावली, मग काढली. रडली नाही. बराच वेळ पाहिल्यावर म्हणाली, "मी त्या दिवशी विचारलं होतं तुम्हाला." मी हो म्हणालो. "तुम्ही फाइल बघितलीत. उठून चार पावलं इथवर आला नाहीत." मी पुन्हा हो म्हणालो. टोपणाचं सांगितलं, आधीच भरलेल्या नोंदींचं सांगितलं, वरच्या कोऱ्या फॉर्मचंही सांगितलं. ती म्हणाली, "आता त्यांना वळवायचं कसं ते मला शिकवा." भेटीची दहा मिनिटं संपली होती. मी तिला तळवा सपाट कसा सरकवायचा ते दाखवलं.

त्यानंतर मी त्यांना स्वतः वळवायचो, माझ्या पाळीत आणि पाळी संपल्यावरही. चौदाव्या दिवशी त्यांची नळी निघाली. आवाज घोगरा, अर्धा वाराच. मला वाटलं पाणी मागतील. ते म्हणाले, "खाली टोचत होतं." मी वाकलो. "मी मान हलवायचो. हात बांधलेले. डोळ्यांनी सांगत होतो. मग झोप यायची." ते थांबले, दम घेतला. "पुन्हा जाग आली की पुन्हा टोचायचं."

आई, त्या सहाव्या दिवशी मॉनिटर वाजत नव्हता, तो माणूस बोलत होता. नाडी वाढली तर आधी माणूस पाहायचा. दुखतंय का, भिजलाय का, नळी अडकली आहे का, खाली काही आहे का. औषध मग. हे मी नर्सिंगच्या मुलांना वर्गात शिकवतो, फळ्यावर लिहून देतो. आणि मी पंपाचं बटण दाबून त्याचं तोंड बंद केलं होतं. मी त्यांना सांगितलं, "औषध मीच वाढवलं होतं."  ते म्हणाले, "पाणी द्या." मी चमच्याने पाणी दिलं.

महिन्याभराने ते घरी गेले. जखम अजून भरते आहे, वाटीएवढी होती ती आता रुपयाएवढी झाली आहे असं कळलं. मी ड्रेसिंगला घरी येतो म्हणून मुलीला फोन केला होता. ती म्हणाली, "तुम्ही खरं दाखवलंत म्हणून तुमच्याविरुद्ध तक्रारीत काही लिहिलं नाही. हॉस्पिटलविरुद्ध लिहिलंय. पण घरी येऊ नका." चौकशी झाली. त्या नर्सला काढलं, एकटीला. पाळीला आता तिघीच आहेत. मला तळमजल्यावर अवजारं निर्जंतुक करायच्या विभागात पाठवलं, तिथे पेशंट नसतात. आयसीयूच्या भिंतीवर हसऱ्या नर्सचं रंगीत पोस्टर लागलं आहे, पेशंटला वळवायला विसरू नका म्हणून. आणि कागदी चार्ट बंद झाले. आता टॅबवर बोट टेकवलं की चौदाही खाटांपुढे 'त्वचा चांगली' एकदमच येतं. क्वालिटीच्या मॅडमनी त्यासाठी केक कापला. मलाही खालपर्यंत एक तुकडा आला होता, कागदी बशीत.

इतके दिवस मी ही किळस त्यांच्यावर काढतो आहे. मॅडमवर, साहेबांवर, त्या नर्सवर, जिला सात हात असते तरी पुरले नसते. पण हे पत्र लिहायला बसलो ते वेगळ्याच गोष्टीसाठी, आणि इतका वेळ मी तिच्याभोवतीच फिरतो आहे.

तू शेवटचे अडीच महिने अंथरुणावर होतीस. आपली ताई, तुझी लेक, तुझं सगळं करायची. मी डबल ड्यूट्या करत होतो, दारात उभा राहून तुझी नाडी, बीपी विचारायचो आणि निघायचो. ताई एकदा म्हणाली, "आत ये जरा, आईची पाठ बघून जा." मी म्हणालो, रविवारी बघतो. तू शुक्रवारी गेलीस. वस्तीतल्या बायकांनी तुला आंघोळ घातली, मी बाहेर माणसांत बसलो होतो. त्या बाहेर आल्या तेव्हा त्यातली एक माझ्याकडे पाहून काहीतरी बोलायला थांबली होती. मी मान फिरवली. आत काय दिसलं ते मी तिला आजवर विचारलेलं नाही.