कासविणीचे ओठ

३ जून, सोमवार
नव्या नोकरीचा पहिला दिवस आणि स्वारी एकदम खूश! कार्टून बनवणाऱ्या स्टुडिओत मला ओठांचं खातं मिळालंय. आवाजाची फाइल टाकली की कम्प्युटर पात्राचे ओठ आपोआप हलवतो. ‘प’ म्हणताना ओठ मिटले नाहीत, तर ती चूक मी पकडायची. आमच्या प्रमुखबाईंना सगळे आत्या म्हणतात. त्यांची शिस्त अशी की तपासणी आवाज बंद ठेवूनच करायची, नाहीतर कान डोळ्यांना फसवतात. माझ्या वाट्याला एक म्हातारी कासवीण आलीय. मोठी गोड आहे.

६ जून, गुरुवार
सरावाला लांबलचक बोलणं हवं होतं. आईचे फोनवरचे निरोप आठवले. रोज एक येतो, आणि बोलायला लागली की थांबायचं नाव नाही. मी काही ते ऐकत नाही, ‘हो गं’ लिहून मोकळी होते. दिले कासविणीच्या तोंडी. आवाज बंद, नुसती टकळी चालू. अख्खं खातं पोट धरून हसलं. मीही हसले. घरी येताना मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

११ जून, मंगळवार
तरी रोज तेच करतेय, न ऐकता. लाज वाटते, पण कामाला सोयीचं पडतं. आज आत्यांनी विचारलं, आवाजाची रेघ सपाट असताना हिचे ओठ कशाने हलतायत? आवाज सुरू केला. नुसती शांतता. रविवारपासूनचे सगळे निरोप तसेच. आवाज नसेल तर ओठ मिटलेले राहतात. राहायलाच हवेत.

१२ जून, सकाळी
दादाचा फोन. आईची वाचा रविवारीच गेली होती. तरी रोज फोन तोंडाशी धरून ओठ हलवायची, पाठवायची. माझं ‘हो गं’ बघून दादाला वाटलं, हिला कळलंय, येईल. तो वाट बघत राहिला. आज पहाटे ती गेली. मी कुठल्या तोंडाने जाऊ?

दुपारी
बॅग घ्यायला स्टुडिओत आले. कासवीण चालू— फाइल टाकलेलीच नाही—

ओठ सावकाश हलतायत. मला वाचता येईल इतके सावकाश. माझं घरातलं नाव. पुन्हा तेच.

वायर ओढली. पडदा विझत नाही—

तिच्या हाकेला कधी धड ओ दिली नाही. भीती वाटतेय. लाज त्याहून जास्त. आवाज पूर्ण वाढवलाय. आई, बोल, ऐकते—

खोलीत कुणीतरी श्वास घेत—