गंधालीने बाटली धरली

भांडुप, मुंबई
गुरुवार, २ जानेवारी २०२५

चि. सौ. जयंतीस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे ठीक. ह्यांचा गुडघा सोडला तर थंडीबद्दल कुणाची तक्रार नाही. तुमची कलमं मोहरली का ते कळव. नवीन वर्षाच्या शुभेच्छा त्या मोबाईलवर आल्या, फुलांचा गुच्छ आणि वर कबूतर. मिळाल्या.

तू म्हणशील, फोन असताना ही बया पत्र कशाला लिहीत बसलीय? अगो, तुझा लेक धोंडिराम फोन स्पीकरवर टाकतो आणि अर्धी वाडी ऐकते. आणि इकडे आमच्या दोन खोल्या. ह्यांना एरवी हाक मारून घसा सुकतो, पण मी ओट्याजवळ तुझ्याशी हळू बोलले की गॅलरीतून बरोब्बर ऐकू जातं. म्हणून पत्र.

तर बातमी अशी की गंधालीने काल बाटलीने दूध प्यायलं! सगळं! शेवटी नुसती हवा ओढत होती!

सून तेरा तारखेपासून परत कामावर जाणार आणि नात दिवसभर माझ्याकडे राहणार, हे तुला गणपतीतच सांगितलं होतं. तेव्हा तू म्हणालीस, "ताई, या वयात कशाला अंगावर घेतेस? बसू दे की श्रुतिकाला घरात." मी विषय बदलला. आजही बदलते.

श्रुतिका दूध काढायला पंप लावते. रुसलेल्या मिक्सरसारखा आवाज करतो तो. सुरुवातीला मला बघवेना, पण ती म्हणाली, "आई, मी ऑफिसात असताना हिने काय खायचं, वारा?" बरोबर होतं. तेव्हा काढल्या काढल्या ते दूध सौरभ बाटलीने पाजायचा आणि पोर मुकाट प्यायची. आम्ही म्हटलं, झालं, सुटलो. मग डिसेंबरात श्रुतिका साठवायला लागली, म्हणजे आज काढायचं, फ्रीजमध्ये ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी मी पाजायचं. सवय व्हावी म्हणून. आणि तिथे वाट लागली.

तोंडच उघडेना! ओठ असे घट्ट, की आपली म्हातारी आत्या औषध बघून करायची तसे. बाटल्या बदलल्या, निप्पलं बदलली. मी माळ्यावरून सौरभच्या लहानपणीचं चोचीचं बोंडलं काढून घासून-पुसून घेतलं, त्यानेही नाही. वाटी-चमचा घेतला तर माझ्या पदरावर फुर्र. आणि श्रुतिकाने जवळ घेतलं की अंगावर कशी गटागटा! शेजारची उत्तरा म्हणाली, "लबाड झालीय, आता आईचं आणि बाटलीचं कळायला लागलंय." श्रुतिकाचं मात्र जेवण उतरलं होतं. परवा भाजी निवडताना म्हणाली, "आई, हिने नाही घेतलं तर मला जाता येणार नाही."

आणि काल प्यायली. माझ्या मांडीवर, माझ्या हातून! मी इतक्या जोरात ओरडले की हे पडले-बिडले की काय म्हणून सौरभ आंघोळीतून तसाच बाहेर आला.

का प्यायली म्हणशील, तर सौरभ म्हणतो नव्या निप्पलचा गुण. असेल. सगळ्याच गोष्टींच्या खोलात शिरू नये. प्यायली ना, बस्स.

मुलांना आशीर्वाद. 

तुझी,
रत्नाताई


भांडुप
बुधवार, १५ जानेवारी २०२५

प्रिय जयंती,

आधी तिळगूळ घे, मग गोड बोलायचं की शिव्या द्यायच्या ते ठरव. कारण मागच्या पत्रात मी तुझ्याशी पुरतं खरं बोलले नव्हते.

ते निप्पल-बिप्पल काही नव्हतं गं. एकतीस तारखेला श्रुतिकाने दूध काढून बाटली ओट्यावर ठेवली, तेवढ्यात ऑफिसचा फोन आला म्हणून ती आतल्या खोलीत गेली. मी ओटा आवरत होते. आता तूच सांग, घरात आलेलं दूध न तापवता कधी फ्रीजमध्ये ठेवलंय आपण? आईने हातावर मारून मारून लावलेली सवय. डोकं कुठे होतं देव जाणे, मी बाटली लहान टोपात ओतली आणि गॅस लावला! कडेने बारीक बुडबुडे आले, तेव्हा डोक्यात उजेड पडला की रत्ना, हे डेअरीचं नाही! फट्कन गॅस बंद केला. टोप पाण्यात ठेवून निववलं, बाटली उकळून घेतली, भरली आणि गुपचूप फ्रीजमध्ये ठेवून दिली. फेकायला हात होईना. पोरगी किती वेळ त्या मशीनपाशी बसते ते मी बघते ना! आणि सांगायला जीभ होईना.

दुसऱ्या दिवशी पोरीने तीच बाटली संपवली.

सगळे निप्पलचं कौतुक करतायत आणि मी मान डोलावतेय. मग तीन तारखेला परत बाटली दिली, तर ओठ घट्ट. चारला तेच. पाचला तर बाटली दिसताच रडायला लागली. मला आतून शंका येत होती, पण म्हटलं असं कसं होईल, तापवलेलं दूध पोराला आवडतं असं कधी ऐकलंय का? आणि सांगायचं तर कबूल करावं लागणार. सौरभ एकदा म्हणालाच होता, "आईला या वयात सगळं लक्षात राहील ना?" चेष्टेत म्हणाला असेल, पण माझ्या मनात ते बसलं होतं. आता हे कळलं तर म्हणतील, ही बाई न विचारता गॅसवर काय काय ठेवते, हिच्या भरवशावर लेकरू टाकायचं कसं?

त्याहून वाईट सांगू? पोर माझ्या हातचं घेत नाही म्हणजे तिला मीच नको आहे, असं मला वाटायला लागलं होतं. मोरीत जाऊन रडले मी. कुणाला सांगू नकोस.

शनिवारी संध्याकाळी श्रुतिका लॅपटॉप उघडून बसली. मी विचारलं, "काय गं, ऑफिसचं का?" तर म्हणाली, "हो आई. येत नाही म्हणून कळवते." आवाज एकदम सरळ. सौरभ म्हणाला, "अगं थांब, करू काहीतरी." ती म्हणाली, "काय करणार तू? पाजणार?" टाईप करताना तिची बोटं थांबत होती आणि परत चालत होती.

माझ्याच्याने बघवलं नाही. म्हटलं जाऊ दे खड्ड्यात, काय म्हणायचं ते म्हणू देत. पोळपाट बाजूला केला आणि पिठाच्या हातानेच तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. "श्रुतिका, ते पाठवू नकोस. ती एक तारखेला प्यायली ना, ते दूध मी तापवलं होतं."

हे गॅलरीतून आत आले आणि परत बाहेर गेले. सौरभ म्हणाला, "आई, तू काय केलंस?" मी सगळं सांगितलं, टोप, बुडबुडे, सगळं. म्हटलं, "तुला काय बोलायचं ते बोल, पण नोकरी सोडू नकोस."

श्रुतिका उठली, फ्रीजमधून आदल्या दिवशीची बाटली काढली, झाकण उघडून वास घेतला. मग थोडं चमच्यात घेऊन तोंडात टाकलं. चेहरा असा कसनुसा केला आणि चमचा माझ्यापुढे धरला. "आई, बघा."

मी चव घेतली. साबण गो! अगदी कपड्यांच्या साबणाच्या पाण्यासारखी चव! माझ्याच तोंडार शिरा पडो, एवढे दिवस लेकराच्या तोंडात मी हे कोंबत होते आणि आमच्यातल्या एकाही शहाण्याने कधी चाखून बघितलं नव्हतं. 

श्रुतिकाने तिथल्या तिथे गंधालीच्या डॉक्टर मृणालिनींना फोन लावला. त्या हसायला लागल्या. म्हणाल्या, काही बायकांच्या दुधात असं असतं, ठेवलं की चव बदलते. दूध नासलेलं नसतं, पण काही बाळांना चालत नाही. काढल्यावर होईल तितक्या लवकर, कडेला बुडबुडे येईपर्यंतच गरम करायचं, उकळू द्यायचं नाही, झटकन निववायचं आणि मग ठेवायचं. थोडा कस कमी होतो, पण घरी असताना पोर अंगावर पितेच आहे, काळजी नको. मग विचारतात, "हे तुम्हाला सुचवलं कुणी?" 

श्रुतिका म्हणाली, "आमच्या आईंनी."

सुचवलं म्हणे! मी पिठाचे हात घेऊन तशीच उभी. सौरभने माझ्याकडे बघून हात जोडले, मी म्हटलं, "आधी बाजूला हो मेल्या, पोळ्या व्हायच्यात." श्रुतिका हसता हसता रडायला लागली आणि मग मीही. लॅपटॉप कुणी बंद केला आठवत नाही.

रात्रीच तिने दूध काढलं, मी तापवलं. ती शेजारी उभी राहून बघत होती, गॅस किती, कधी बंद करायचा. रविवारी गंधालीला दिलं. ओठ घट्ट केले, एक थेंब आत गेला, आणि मग बाईसाहेबांनी दोन्ही हातांनी बाटलीच धरली! नवी-जुनी कुठलीही बाटली आणा, पिते. बोंडल्यानेही पिते!

सोमवारी श्रुतिका गेली. निळा कुर्ता घातला होता, बाळंतपणानंतर पहिल्यांदा बटणं लागली म्हणून खूश होती. दारात तीनदा मागे आली. शेवटी मीच दार लावलं. दुपारी तिचे मेसेजवर मेसेज, "प्यायली का? प्यायली का?" मला कुठलं टाईप करता येतंय, मी रिकाम्या बाटलीचा फोटो काढून पाठवला. तिच्या ऑफिसात जुन्या फायलींची एक रेकॉर्डची खोली आहे, तिला आतून कडी आहे, तिथे बसून तिने पंप लावला. संध्याकाळी दुधाची बर्फ घातलेली पिशवी घेऊन आली, चप्पल काढायच्या आधी ती तापवायला माझ्या हातात दिली आणि पोरीला घेऊन बसली. बाटली पिऊनही पोर आईला विसरली नव्हती, अशी बिलगली! श्रुतिका एक हात तिच्या डोक्यावर ठेवून ऑफिसातलं सांगत होती, कोण काय म्हणालं, टेबल कसं धुळीने भरलं होतं, आल्या आल्या एक अडलेलं काम तिनेच कसं सोडवलं. इतकं भराभरा बोलताना मी तिला कितीतरी महिन्यांत बघितलं नव्हतं. 

आता तुला गणपतीतलं उत्तर देते. तू विचारलंस, या वयात कशाला अंगावर घेतेस. जयू, सौरभचं लग्न झालं, ह्यांना आता डबा लागत नाही, सून स्वतःचं सगळं स्वतः करते. माझ्यावाचून या घरात कुणाचंच काही अडत नव्हतं गं. मला ते कुणाला सांगता येत नव्हतं. मला दमायचं होतं. आता संध्याकाळी अशी दमते की बस, आणि रात्री छान झोप लागते.

सोमवारी जेवणं झाल्यावर श्रुतिका ओट्यापाशी आली. हळूच म्हणाली, "आई, उद्या जाऊ ना मी?" इतकी शिकलेली, पगार आणणारी मुलगी, मला विचारत होती. मी म्हटलं, "जा. आणि दारातून मागे येऊ नकोस, तिला झोपवायला मला उशीर होतो."

काल गेली. आज गेली. मागे वळली नाही.

पोर उठली, आवाज देतेय. थांबते.

कामावर रुजू झालेली,
तुझी रत्नाताई