मामाचा घोडा नेमका कुठल्या घरात होता

ती. मामी,

साष्टांग नमस्कार. (खरंच घातलाय, पालथा पडूनच लिहितोय.) मी मामाचा चालू बुद्धिबळाचा डाव मोडला. आता पाणी पी आणि पुढे वाच. आजीची कंबर कशी आहे? तुझी तब्येत? माहेरी वजन वाढलं असेल तर छान, इथे मामाच्या हातचं खाऊन माझं उतरलंय. फोनच केला असता, पण तुझ्या माहेरी तो स्पीकरवर टाकून अख्ख्या घराने ऐकायची पद्धत.

माझं काम तुला परत सांगतो, कारण तू सगळ्यांना ‘तो कॉम्प्युटरवर ठिपके लावतो’ म्हणून सांगतेस. (खोटं नाही म्हणा.) सिनेमात कॅमेरा हलत असतो. त्यातल्या गच्चीवर खोटा राक्षस बसवायचा, तर कॅमेरा कसकसा हलला ते आधी शोधावं लागतं. म्हणून खिडक्यांच्या कोपऱ्यांवर ठिपके लावून त्यांचा माग काढायचा. एक ठिपका घसरला की राक्षस साबणावर पाय पडल्यासारखा सरकतो. त्यात लेन्स मेली लबाड, कडेच्या सरळ भिंती वाकवून दाखवते. तिची लबाडी पकडायला तिच्यातूनच काळ्यापांढऱ्या चौकटींच्या फळीचा फोटो काढायचा आणि कॉम्प्युटरला सांगायचं, ‘बाबा रे, या रेषा मुळात सरळ, वाकडेपणा सगळा लेन्सचा.’ मग तो हिशेब करून चित्र सरळ करतो.

आता ऑफिसच्या फळीवर आम्ही बाटल्यांची झाकणं मांडून खेळलो, चहा सांडला, पुठ्ठा फुगला. (कोणी सांडला ते विचारू नकोस.) आम्हाला शिकवणाऱ्या बाई, ज्यांना आम्ही पाठीमागे ‘फूटपट्टी’ म्हणतो, त्यांना कळतं तर मला नारळच. म्हटलं, काळ्यापांढऱ्या चौकटी तर घरातच आहेत! मामा कामावर गेल्यावर सोंगट्या काढल्या, पट पिशवीत घातला. काढण्याआधी फोनवर फोटो घेतला हं, इतकाही बावळट नाही मी.

पटाचा फोटो काढून हिशेब लावला, आणि दुपारी बघतो तर पडद्यावरच्या इमारतीला पोट सुटलेलं. बाईंनी पट मागितला, त्यावर पट्टी ठेवली, तर ती डुलायलाच लागली.

“हा पट आहे की पाळणा?”

“घरचा आहे, बाई.”

“सरळ काय ते शिकवायला वाकडा मास्तर आणलास होय रे?”

मग नव्या चौकटी छापून काचेवर चिकटवायला लावल्या. राक्षस गच्चीवर मांडी घालून बसला, माझी नोकरी वाचली.

मामा यायच्या आत घरी येऊन सोंगट्या मांडायला फोटो उघडला, तर हे भलतंच. फोटो घेतलेला जवळून, रुंद लेन्सने. मधलं सगळं स्वच्छ, पण कडेचा मामाचा घोडा वाकलेल्या रेषेवर कलून, दोन घरांत एकेक पाय टाकून उभा! फोटो सरळ करायला गेलो, तर पटच वाकडा. घोडा एका घरात असेल, तर या रविवारी मामाची समोर बसणाऱ्या दाताच्या डॉक्टरांवर मात. शेजारच्या घरात असेल, तर डॉक्टर घोडा खातात. दर रविवारी एकच खेळी करायची, मध्ये डावावरची चादर उचलून बघायचं नाही, ही दोघांची शपथ, म्हणून मामाला अजून पत्ता नाही. आणि मामी, तो त्यांच्याविरुद्ध आजवर एकदाही जिंकलेला नाही गं. हल्ली झोपेतसुद्धा ‘शह!’ म्हणून ओरडतो.

तुझा लाडका (अजून असेन तर) भाचा

ता. क. : घोडा मी जिंकणाऱ्या घरात ठेवलाय. चादर झटकताना तू डाव बघतेस, मला माहितेय, आणि तू गेल्यापासून मामाने घोडा हलवलेला नाही. तर शनिवारपर्यंत ये आणि बघ. बरोबर वाटला तर राहू दे. चूक वाटला तर... तुझं वय झालं, विसरतं माणूस.

ता. क. २ : पटाला पोक कशाने आलं? उलटा केला तर मागे इस्त्रीचा चट्टा आहे. डाव मांडायच्या आधी मामाचे रुमाल कशावर इस्त्री व्हायचे, हे मी विचारलंय का? एकाच माळेचे मणी आपण.

ता. क. ३ : पाया पडतो, कुणाला सांगू नकोस. आजीला नको, मामाला तर नकोच नको. आणि डॉक्टरांना चुकूनही नको. माझी दाढ ठणकतेय, आणि सोमवारी मला त्यांच्याच खुर्चीत तोंड उघडून बसायचंय.