झाळणी मागितली

पुणे,
४ सप्टेंबर १९९८

चि. प्रसेनजीत यास,
सप्रेम जय भीम. वि. वि. उचगावहून आईचं पत्र आलं. हुपरीत तू म्हणे चौथं घर धरलंस! पैंजणाची तार ओढायला एका घरी, कड्या वळायला दुसऱ्या, त्या आगीवर झाळून जोडायला तिसऱ्या आणि आता पॉलिशला. बाबा म्हणतात, हा चांदीपेक्षा जास्त फिरतो. तुझे हंबीरराव शेठ दिवाळीआधी एकालाच कायम करणार, हेही कळलं. आमच्या हॉस्पिटलात बढतीआधी प्रत्येक नर्सला विचारलं, तुम्हाला नक्की काय येतं? मला चटकन सांगता येईना. तुला येईल? बाबांना नको, स्वतःला विचार.
माया तशीच ठेव, कळव मात्र लवकर.
निशाताई

हुपरी,
१५ सप्टेंबर

ती. निशाताईस,
सप्रेम जय भीम. तुझा प्रश्न घेऊन एस.टी.त बसलो, तर एका पावण्याच्या पिशवीतली कोंबडी सुटली आणि अख्खी गाडी… ते राहू दे.

मी पैंजणाचा एक जोड तारेपासून पॉलिशपर्यंत एकट्यानं केला. इथं असं कोण करत न्हाय. माल घरोघर फिरतो, माणूस जागेवर. मग तो गुपचूप बाळाबाईंच्या तपासायच्या ढिगात टाकला. त्यांच्याच घरी मी झाळायला होतो. माझा म्हणून सांगितलं असतं तर पैंजणाआधी मलाच धुतलं असतं. त्यांनी तो हातावर टाकला. चांगलं पैंजण कापडागत पडतं. माझं ताठ उभं! म्हणाल्या की हे झाळणाऱ्या शहाण्याला विचारा, पायात घालायचंय का दाराला लावायचंय. कड्या बऱ्या म्हणाल्या. पॉलिश मात्र उजेडात धरून बघितलं आणि म्हणाल्या, हा हात कुणाचा, झकास हाय.

म्हणजे पॉलिश येतं, झाळणी येत नाही. वाईट नाही वाटलं, नवल वाटलं. तीच आग, तीच चांदी. त्यांच्या हाताखाली झाळ, म्हणजे जोडायचा वितळलेला धातू, सांध्यात शिरते, माझ्या हाताखाली नुसती पसरते. कसं काय?
लोभ आटू देऊ नकोस.
प्रसेनजीत

पुणे,
२१ सप्टेंबर

चि. प्रसेनजीत यास,
सप्रेम जय भीम. नवल पुरे. पॉलिशची जागा माग आणि बूड टेकव. नाहीतर बाबा तुला मुरगूडला मामांच्या दुकानात पोती रचायला बसवणार, ठरलंय त्यांचं.
रागातही जीव तुझ्यातच आहे, विसरू नकोस.
निशाताई

हुपरी,
२ ऑक्टोबर

ती. निशाताईस,
सप्रेम जय भीम. आधी खाली बस. शेठनी पॉलिशला कायम हो म्हटलं आणि मी झाळणी मागितली. ते म्हणाले की येत न्हाय तेच मागणारा गडी पहिल्यांदाच बघितला. कायमची ती जागा माझ्याबरोबरच्या आकारामला गेली. मला बाळाबाईंकडे शिकाऊ म्हणून बसवलंय; जमलं तर पुढच्या दिवाळीला बघू म्हणाले. बाबांना तूच सांग, माझी छाती होत नाही.

मी इतके दिवस नुसत्या सांध्यावरच जाळ धरत होतो. बाळाबाई आधी भोवतीची कडी तापवतात, मग झाळ आपणहून आत धावते. आज माझं पैंजण हातावर टाकलं तर अर्धं पडलं, अर्धं ताठ. त्या पडलेल्या अर्ध्यात मी काय वेगळं केलं, ते अजून सापडलेलं नाही. ताई, दुसऱ्या दिवशी त्याच घरी जायची घाई मला आजवर कधी झाली नव्हती.
रागावलीस तरी माया कमी करू नकोस.
प्रसेनजीत